वेबसाइट आहे, पण गुगलवर सापडत नाही

आधी एक चाचणी करून घ्या. गुगलच्या चौकटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द टाका, त्याला चिकटून कोलन आणि कोलनला चिकटून आपल्या वेबसाइटचा पत्ता. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. जी यादी येईल ती म्हणजे ढोबळमानाने तुमच्या वेबसाइटची गुगलकडे नोंद असलेली पानं. यादी रिकामी आली तर कीवर्ड (लोक शोधताना टाकतात ते शब्द), रँकिंग, पहिला नंबर या गोष्टी बोलायची वेळ अजून आलेलीच नाही, कारण गुगलच्या लेखी ती वेबसाइट अस्तित्वातच नाही. वीस पानांच्या साइटची हजारो पानं दिसली, त्यातही जपानी अक्षरांत बूट-घड्याळांच्या जाहिराती दिसल्या, तर साइट हॅक झालेली आहे. मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती साफ करून घ्यावी लागते.

बहुतेक छोट्या व्यावसायिकांची अडचण या टोकाची नसते. येवल्याच्या पैठणीवाल्याचं नाव टाकलं की साइट येते, पण ‘येवला पैठणी’ शोधलं की येत नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची साइट दिसते, पण पुण्यातल्या ज्या खरेदी अधिकाऱ्याला ती दिसायला हवी त्याला दिसत नाही. हे नेमकं कुठे अडतं ते कळण्यासाठी गुगलचं काम कसं चालतं ते दोन परिच्छेदांत पाहू.

पहिला टप्पा शोधण्याचा. गुगलबॉट नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो आणि सापडलेली पानं वाचतो. दुसरा टप्पा नोंदीचा. वाचलेल्या पानात काय आहे, कोणत्या भाषेत आहे, हेच आधी दुसरीकडे कुठे आहे का, हे पाहून पान सूचीत घ्यायचं की नाही ते ठरतं. वाचलेलं प्रत्येक पान सूचीत जातंच असं नाही. तिसरा टप्पा निकालाचा. कोणी काही शोधलं की सूचीतून त्या प्रश्नाला जुळणारी पानं काढून ती क्रमाने मांडली जातात.

हे तीन टप्पे वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो. पहिल्या टप्प्यावर अडलेल्या साइटला चांगला लेख लिहून काही होत नाही, आणि तिसऱ्या टप्प्यावर अडलेल्या साइटला साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची फाइल) पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही. एसइओचं, म्हणजे साइट शोधनिकालात वर आणण्याचं, काम करून देणारे अनेकजण मात्र सगळ्यांना एकच पॅकेज देतात.

नोंदच होत नसेल तर

गुगल सर्च कन्सोल हे मोफत साधन उघडा आणि साइट तुमची असल्याचं सिद्ध करा. त्यासाठी डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, डीएनएस सेटिंगमध्ये ‘टीएक्सटी’ नावाची एक नोंद टाकायची असते. डोमेन जिथून घेतलं तिथल्या लॉगिनने ते दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर वर दिसणाऱ्या चौकटीत आपल्या एखाद्या पानाचा पूर्ण पत्ता टाका. पान सूचीत आहे का आणि नसेल तर का नाही, हे तिथे लिहून येतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण फार साधं असतं. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनाच्या सेटिंगमध्ये ‘रीडिंग’ या भागात एक टिक असते, ‘सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये’ अशा अर्थाची. साइट तयार होत असताना डेव्हलपर ती लावून ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. साइट सुरू झाल्यावर ती काढायला विसरतो. महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण साइट उघडायला व्यवस्थित उघडते.

दुसरं कारण रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलचं. ही फाइल गुगलबॉटला काही पानं वाचायला मनाई करते. पानाच्या कोडमध्ये असलेली ‘नोइंडेक्स’ ही खूण सूचीत घेऊ नका असं सांगते. दोन्ही एकच आहेत असं समजून दोन्ही लावणारे खूप आहेत, आणि मग उलटंच होतं: दाराला कुलूप लावून आत टेबलावर चिठ्ठी ठेवल्यासारखं. गुगलबॉटला आत येऊ दिलंच नाही, तर नोइंडेक्सची चिठ्ठी तो वाचणार कशी? बाहेरून कुणी त्या पानाला लिंक दिली असेल, तर मजकुराशिवाय नुसता पत्ता निकालात झळकू शकतो. पान काढायचंच असेल तर वाचू द्या आणि नोइंडेक्स लावा.

सर्च कन्सोलमध्ये ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं दिसलं तर गुगलला पत्ता माहीत आहे, पण तो अजून वाचलेला नाही. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असेल तर वाचून बाजूला ठेवलंय. दुसरा शेरा आला की मजकुराकडे बघा. दोन ओळींचं पान, पुरवठादाराच्या कॅटलॉगमधून जसाच्या तसा उचललेला मजकूर किंवा साइटवरच्याच दुसऱ्या पानाची नक्कल, यातलं काहीतरी बहुधा असतं. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण रोज दाबल्याने पान लवकर सूचीत जात नाही.

साइटमॅप द्यावाच. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि ५० एमबी ही मर्यादा आहे. नाशिकमधल्या एखाद्या दुकानाला ती कधीच आडवी येणार नाही. त्यात ‘प्रायॉरिटी’चे आकडे भरत बसू नका, गुगल ते बघत नाही. पान शेवटचं कधी बदललं ती तारीख मात्र खरी द्या. रोज आपोआप आजची तारीख टाकणारं प्लगइन असेल तर गुगल त्या तारखेवर विश्वास ठेवणं सोडून देतं. साइटमॅपपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे मुख्य पानावरून निघून साध्या लिंकवर क्लिक करत प्रत्येक पानापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. ज्या पानाला साइटवरची एकही लिंक नाही, त्याला तुम्ही स्वतःच महत्त्व दिलेलं नाही.

मराठी मजकूर मशीनला वाचता येतो का?

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा भाग सापडत नाही, आणि आपल्याकडे तर इथेच बराच घोळ असतो.

छापखान्यात आणि डीटीपीत अजूनही जुने फॉन्ट चालतात. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेलं अक्षर रोमन किंवा एखादं चिन्ह असतं. माहितीपत्रकाचा मजकूर तसाच उचलून वेबसाइटवर टाकला आणि सोबत तो फॉन्टही चढवला, तर वाचणाऱ्याला सुरेख मराठी दिसतं आणि गुगलला निरर्थक रोमन अक्षरांची रांग. तपासायची युक्ती सोपी आहे: साइटवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठीच दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाणित रूपात, आहे. भलतंच काही दिसलं तर सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घ्या, आणि नंतर डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरं रूपांतरात हमखास बिघडतात.

दुसरा घोळ चित्रांचा. सणाची ऑफर, दरपत्रक, अगदी ‘आमच्याविषयी’सुद्धा एका सजवलेल्या चित्रात असतं. व्हॉट्सॲपसाठी ते ठीक आहे. चित्रातली अक्षरं गुगल काही प्रमाणात ओळखू शकतं, पण त्या भरवशावर दुकान चालवू नका. भाव, पत्ता, वेळ, साडीचा प्रकार हे सगळं अक्षरांत असायला हवं. चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे कोडमधलं चित्राचं वर्णन, द्या आणि त्यात चित्रात काय दिसतंय ते लिहा: ‘हिरव्या काठाची जांभळी पैठणी, पदरावर मोर’. तिथे दहा वेळा ‘नाशिक पैठणी स्वस्त’ कोंबण्याने काही मिळत नाही.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा का? गुगलला त्याचं वावडं नाही. पण देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइटचं असतं आणि पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटची तीन रोमन चिन्हं होतात. ‘पैठणी’ या एका शब्दात प, ठ, ण आणि दोन मात्रा मिळून पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंचेचाळीस अक्षरांची शेपटी. ग्राहकाला पाठवलेली अशी लिंक बघून तो ती उघडायला घाबरतो. त्यामुळे पत्ता रोमनमध्ये, छोटा, शब्दांमध्ये आडवी रेघ घालून ठेवलेला बरा. मजकूर मात्र मराठीतच.

आणि लोक टाइप कसं करतात? काहीजण देवनागरीत, काही बोलून, आणि बरेच रोमन अक्षरांत मराठी लिहून. त्र्यंबकेश्वर तर रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. प्रत्येक तऱ्हेसाठी वेगळं पान करायची गरज नाही, गुगल अशी रूपं बऱ्यापैकी जुळवतं. मराठी पानाच्या वर्णनात किंवा मजकुरात एखाद्या ठिकाणी रोमन नाव सहज आलं तर येऊ द्या, तेवढं पुरे. साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असेल तर एकाच पानावर दोन्ही भाषांची खिचडी न करता दोन पत्ते ठेवा आणि ‘एचरेफलँग’ या कोडमधल्या भाषेच्या खुणेने ते एकमेकांना जोडा. दोन्ही पानांवर परस्परांचा उल्लेख हवा, एकतर्फी जोडणी गुगल मानत नाही. मशीनने केलेलं भाषांतर न तपासता चढवू नका. मराठी वाचक पहिल्याच ओळीत ते ओळखतो आणि परत फिरतो.

ग्राहक काय विचारतो

‘पैठणी’ या एका शब्दावर येवल्याच्या विणकराने मोठ्या ऑनलाइन बाजारांशी आणि विकिपीडियाशी झुंजण्यात अर्थ नाही. तो शब्द टाकणाऱ्याला साडी घ्यायची आहे, फोटो बघायचे आहेत की शाळेचा प्रकल्प लिहायचा आहे, हे गुगललाही नक्की माहीत नसतं. ‘हातमागाची पैठणी ओळखायची कशी’ किंवा ‘सेमी पैठणी आणि प्युअर पैठणी फरक’ हे शोधणारा मात्र खरेदीच्या जवळ आलेला असतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर विणकराइतकं चांगलं कुणाकडे आहे? हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागून सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. याचे दोन स्पष्ट फोटो, जरीचा प्रकार, विणायला लागणारा वेळ, शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल कुठे बघायचं आणि प्रत्येक प्रकाराचा भाव कितीपासून कितीपर्यंत, एवढं लिहिलं की ते पान कुठल्याही एसइओ लेखकाच्या हजार शब्दांपेक्षा जड होतं. भाव लिहायला आपल्याकडे व्यापारी कचरतात. पण शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न भावाचाच असतो, आणि ‘किमतीसाठी फोन करा’ हे त्याचं उत्तर नाही.

असे प्रश्न गोळा करायला महागडं साधन लागत नाही. दुकानात आणि फोनवर लोक काय विचारतात ते आठवडाभर एका वहीत लिहा. मग त्यातला एकेक प्रश्न गुगलच्या चौकटीत अर्धाच टाइप करा. खाली सुचवलेली वाक्यं आणि निकालाच्या मधोमध येणारे ‘लोक हेही विचारतात’ प्रकारचे प्रश्न टिपून ठेवा.

पान लिहायला बसण्याआधी तो शब्द स्वतः शोधा आणि कोणत्या प्रकारचे निकाल येतात ते बघा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ‘त्र्यंबकेश्वरमध्ये रूम’ शोधलं तर नकाशा आणि हॉटेल बुकिंगच्या बड्या साइट दिसतील. तिथे लॉजच्या वेबसाइटने लेख लिहून घुसणं अवघड आहे, आधी नकाशातली नोंद सुधारा. ‘त्र्यंबकेश्वरला वयस्कर आईवडिलांना नेताना काय सोय आहे’ अशा प्रश्नावर मात्र छोट्या साइटला जागा असते: मंदिरापासून चालायला किती, पायऱ्या किती, गाडी कुठवर येते, खाली तळमजल्यावर खोली आहे का.

एका प्रश्नाला एक पान. पंचवटी, सिडको, इंदिरानगर, सातपूर, म्हसरूळ, देवळाली कॅम्प अशी भागांची नावं बदलून बाकी मजकूर तोच ठेवत चाळीस पानं काढायची, हा प्लंबरपासून पेस्ट कंट्रोलपर्यंत सगळ्यांचा आवडता उद्योग आहे. गुगलच्या नियमांत त्याला ‘डोअरवे’ पानं म्हणतात आणि ती नियमबाह्य आहेत. एआयकडून दिवसाला शंभर लेख पाडून घेणंही त्याच माळेतलं. मार्च २०२४ मध्ये गुगलने घाऊक प्रमाणात काढलेल्या मजकुराविरुद्ध वेगळा नियमच आणला. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हा तिथे मुद्दा नाही. वाचणाऱ्याच्या उपयोगासाठी नाही, नुसता रँकिंगसाठी काढलेला मजकूर, हा मुद्दा आहे.

हंगाम डोक्यात ठेवा. नवीन पान सूचीत जाऊन क्रमात स्थिर व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. दिवाळीच्या चिवड्याचं पान वसुबारसेला टाकून उपयोग नाही, ते आषाढात हवं. द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारीपासून असतो, तर बागेची सहल विकणाऱ्याचं पान पावसाळा संपता संपता तयार पाहिजे. सिंहस्थाचं उदाहरण तर अगदी चपखल आहे. मागचा २०१५ साली झाला, त्यानंतरचा २०२७ चा. राहण्याच्या सोयीचं पान काढताना पत्त्यात वर्ष घालू नका. ‘कुंभमेळा’ एवढाच पत्ता ठेवा आणि शीर्षकात वर्ष बदलत जा. म्हणजे त्या पानाला मिळालेल्या लिंक वाया जात नाहीत.

शीर्षक आणि बाकीचे टॅग

यावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात, म्हणून थोडक्यात. प्रत्येक पानाचं टायटल, म्हणजे निकालात दिसणारी शीर्षकाची ओळ, वेगळं आणि नेमकं हवं. ‘होम’ किंवा ‘मुख्यपृष्ठ’ हे टायटल नव्हे. ‘येवला पैठणी, हातमागाची, थेट विणकराकडून’ हे टायटल. लांबीचा ठरलेला नियम नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर शेपूट कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द आधी आणि दुकानाचं नाव शेवटी. टायटल पानाशी जुळत नसेल तर गुगल ते स्वतःच बदलून दाखवतं. मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे टायटलखाली दिसणाऱ्या वर्णनाने, क्रम वर जात नाही, पण ते वाचून माणूस क्लिक करतो, म्हणून लिहावं. मेटा कीवर्ड्स हा टॅग गुगल क्रमासाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तरीही कुणी तो भरून देण्याचे पैसे मागत असेल तर त्याच्या बाकीच्या कामाचाही अंदाज येतो.

स्कीमा, म्हणजे दुकानाचा पत्ता, वेळ, वस्तूचा भाव यांची मशीनसाठी ठरावीक साच्यात दिलेली माहिती, जरूर द्या. पण स्वतःच्या साइटवर स्वतःच्याच दुकानाला पाच तारे लावले तर ते निकालात दिसत नाहीत, २०१९ पासून गुगलने ते बंद केलंय.

नकाशात वर कोण येतं

नाशिकमधल्या बहुतेक दुकानं, दवाखाने आणि सेवांसाठी वेबसाइटपेक्षा गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावरची व्यवसायाची नोंद, जास्त गिऱ्हाईक आणतं. नकाशाखाली जी तीन नावं येतात त्यांचा क्रम गुगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोध आणि व्यवसाय किती जुळतात, शोधणाऱ्यापासून अंतर किती, आणि व्यवसाय किती नावाजलेला आहे. अंतरावर तुमचा ताबा नाही. नाशिकरोड स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या माणसाला गंगापूर रोडचं दुकान सहसा पहिलं दिसणार नाही, कितीही पैसे मोजले तरी. म्हणूनच ‘माझ्या मोबाइलवर मी पहिला येतो’ याला फारसा अर्थ नाही. तुम्ही दुकानातच बसून शोधताय.

ताब्यात आहेत त्या गोष्टी अशा. नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा. पाटीवर ‘गोदाई ज्वेलर्स’ असेल आणि प्रोफाइलवर ‘गोदाई ज्वेलर्स नाशिकमधील सर्वोत्तम सोन्याचे दुकान सराफ बाजार’ असं लिहिलं, तर काही दिवस फायदा दिसेलही, पण कुणी तक्रार केली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग अपील, कागदपत्रं, वाट बघणं. आणि ते नेमकं लग्नसराईत होतं. मुख्य वर्गवारी शक्य तितकी नेमकी निवडा. ‘दुकान’ नव्हे, ‘साडी दुकान’. तीच सगळ्यात जास्त वजनाची. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांनी घरचा पत्ता लपवून सेवाक्षेत्र भरावं, जास्तीत जास्त वीस भाग भरता येतात.

पडताळणीसाठी आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. तो न कापता एका दमात काढायचा असतो: रस्ता आणि आजूबाजूची ओळखू येणारी दुकानं, मग पाटी, मग कुलूप उघडून आत शिरणं, माल किंवा यंत्रं, काउंटर. पाटीवरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव जुळत नसेल तर इथेच अडकतं. दुकान रविवार कारंजावरून कॉलेज रोडला हलवलं असेल तर नवं प्रोफाइल काढू नका, जुन्याचाच पत्ता बदला. नाहीतर सगळे रिव्ह्यू मागे राहतात आणि गिऱ्हाईक जुन्या जागी जाऊन परत येतं.

रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं नियमात बसत नाही, आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच लिंक पाठवणंही नाही. सगळ्यांना मागा, बिलासोबत क्यूआर कोड द्या, आणि वाईट रिव्ह्यूलाही शांतपणे, मुद्द्याला धरून उत्तर द्या. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचत असतं.

एक जुनी गोष्ट अजून काहींच्या पाटीवर आणि व्हिजिटिंग कार्डावर सापडते. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून मोफत मिळणाऱ्या, ‘बिझनेस डॉट साइट’ने संपणाऱ्या वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तो पत्ता आता कुठेच जात नाही.

वेग आणि मोबाइल

गुगल आता तुमच्या साइटचं मोबाइलवर दिसणारं रूपच वाचतं. संगणकावर दिसणारा मजकूर मोबाइलच्या रूपातून गाळला असेल, तर तो जणू नाहीच. वेगाचे तीन आकडे बघतात: मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा, आणि पान लोड होताना मजकूर उड्या मारू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. हे ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर मोफत तपासता येतं. छोट्या साइटवर पुरेशी वर्दळ नसते, त्यामुळे खऱ्या वापराचे आकडे रिकामे दिसतील. घाबरू नका.

आपल्याकडच्या संथ साइटचं कारण नव्वद टक्के वेळा शोधावं लागत नाही. मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेल, वेबपी हे हलक्या चित्रफाइलचं स्वरूप आणि शक्यतो २०० केबीच्या आत, एवढं केलं तरी पान हलकं होतं. चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, उड्या थांबतात. सगळ्यात वरच्या मोठ्या चित्राला ‘लेझी लोड’ (चित्र पडद्यावर येईपर्यंत न उतरवण्याची सोय) लावू नका, त्याने तेच चित्र उशिरा येतं. देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात. एक फॉन्ट आणि त्याची दोन वजनं (साधं आणि ठळक) पुरतात, पाच नकोत. आणि हे सगळं करूनही मजकूर कामाचा नसेल तर नुसत्या वेगाने पान वर येत नाही.

लिंक

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेली कल्पना अशी होती की एखाद्या पानाला कोण कोण लिंक देतं यावरून त्याचं वजन कळतं. आज त्याच्या जोडीला इतर कितीतरी संकेत आले, पण लिंकला अजून किंमत आहे, आणि म्हणूनच लिंकचा बाजारही आहे. ‘पाच हजारांत पाचशे बॅकलिंक’ या पॅकेजमधल्या लिंक गुगल बहुतांशी दुर्लक्षित करतं, आणि प्रमाण वाढलं तर साइटवर माणसाकरवी कारवाईही होऊ शकते. क्रम ठरवण्याच्या पद्धतीत २०१२ मध्ये केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून अशा लिंकविरुद्ध गुगलची मोहीम चाललीय.

खऱ्या लिंक जवळच पडलेल्या असतात. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्याने निमा किंवा आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या सदस्य यादीत आपला पत्ता बरोबर आहे का ते बघावं. ज्या कंपनीचे तुम्ही अधिकृत विक्रेते आहात तिच्या डीलर यादीत साइटची लिंक मागावी. कॉलेजच्या कार्यक्रमाला मदत केली तर त्यांच्या पानावर उल्लेख येतो, पण पैशाच्या बदल्यात आलेल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ची खूण असावी. कारखान्यांसाठी आणखी एक: सगळी तांत्रिक माहिती पीडीएफ कॅटलॉगमध्ये कोंबू नका. पीडीएफ गुगल वाचतं, पण मोबाइलवर ते उघडून पत्र्याची जाडी, टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड शोधायला कुणी थांबत नाही, आणि तिथून चौकशीच्या फॉर्मपर्यंत जायला वाटही नसते. प्रत्येक उत्पादनाला त्याचं स्वतःचं पान द्या.

एआयने दिलेली उत्तरं ऑगस्ट २०२४ पासून भारतातही निकालांच्या वर दिसू लागली. त्यासाठी खास टॅग विकणारे तयार झालेत, पण असा कुठलाही खास टॅग गुगल मागत नाही. फरक पडतो तो नुसत्या व्याख्या देणाऱ्या पानांना. ‘पैठणी म्हणजे काय’ याचं उत्तर वरच मिळतं आणि क्लिक होत नाही. तुमचा भाव, तुमचे फोटो, तुमच्या मालाचं माप मात्र तुमच्याच पानावर असतं.

नवी साइट केली आणि सगळं गेलं

जुनी साइट ठीक चाललेली असते, मग ‘मॉडर्न लुक’ हवा म्हणून नवी होते आणि महिन्याभरात फोन बंद होतात. कारण जवळजवळ नेहमी तेच: पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, कुणी लावलीच नाही. डिझाइनरला काम देण्याआधी सर्च कन्सोलमधून ज्या पानांवर क्लिक येतात त्यांची यादी उतरवून घ्या. प्रत्येक जुन्या पानासमोर नवं पान लिहा. सगळी जुनी पानं थेट मुख्य पानावर वळवू नका, गुगल त्यांना नसलेली पानंच समजतं. हे रिडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवा. त्याच वेळी बघा की साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, सुरक्षित (https) आणि असुरक्षित (http) अशा चार पत्त्यांवर उघडत नाही ना. एकच पत्ता खरा, बाकी तीन त्याच्याकडे वळवलेले.

आकडे आणि मालकी

महिन्यातून एकदा सर्च कन्सोलचा ‘परफॉर्मन्स’ अहवाल उघडा. त्यात सोळा महिन्यांची माहिती असते, म्हणून यंदाच्या दिवाळीची तुलना मागच्या दिवाळीशी करा, मागच्या महिन्याशी नको. ज्या शब्दांवर पान खूप वेळा दिसतं पण क्लिक होत नाही, तिथे टायटल आणि वर्णन तपासा. ज्या शब्दांवर सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या दरम्यान आहे, तिथे त्याच पानात राहिलेलं उत्तर भरा. नवं पान काढण्यापेक्षा हे काम लवकर फळतं.

काम बाहेर द्यायचं असेल तर ‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ देणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. असं वचन कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय. चांगल्या कामाचा परिणाम दिसायलाही साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं तेच सांगतात. ‘गुगल पार्टनर’ हा बिल्ला जाहिरातींच्या कामाचा आहे, नैसर्गिक, म्हणजे बिनजाहिरातीच्या, निकालांशी त्याचा संबंध नाही, आणि जाहिरात दिल्याने नैसर्गिक क्रमही वर जात नाही.

करार करताना चार गोष्टी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आहेत याची खात्री करा: डोमेन, होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा), सर्च कन्सोलची मालकी आणि बिझनेस प्रोफाइलचा मुख्य मालक. एजन्सीला त्यात ‘मॅनेजर’ किंवा ‘युजर’ म्हणून घ्या. डोमेनच एजन्सीच्या नावावर असेल आणि उद्या पैशांवरून वाजलं, तर वर्षानुवर्षांच्या लिंक आणि छापलेली सगळी कार्डं त्यांच्या हातात जातात. तपासायला डोमेन कंपनीच्या खात्यात लॉगिन करून नोंदणीदाराचं नाव आणि नूतनीकरणाची तारीख बघा. लॉगिनच तुमच्याकडे नसेल, तर या लेखातलं बाकी काही करण्याआधी ते मागून घ्या.